विसावी प्रजाती

"सर, सत्तेचाळीस नंबर पाहा," अर्पिता म्हणाली, "आन् मंग सांगा, मी कुठं चुकली."

नीळकंठ पांढरीपांडेने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. कागदाला अजून बाबुलालच्या झेरॉक्स मशीनची ऊब होती. निवड मंडळाने सकाळी पहिली उत्तरतालिका जाहीर केली होती आणि अकरा वाजेपर्यंत पांढरकवड्याच्या बसस्टँडवर ती वर्तमानपत्रापेक्षा जास्त खपली होती.

प्रश्न असा होता : पुढीलपैकी परकीय आक्रमक वनस्पती कोणत्या? अ – गाजरगवत, ब – घाणेरी, क – बाभूळ, ड – पळस. अर्पिताने लिहिलं होतं, फक्त अ आणि ब. तालिकेत उत्तर होतं अ, ब आणि क.

"तू बरोबर आहेस," नीळकंठ म्हणाला.

"मी बरोबर हाय ते मले माहीत हाय, सर. मार्क कोणाले भेटन ते सांगा."

तिची बेरीज सव्वाछप्पन्न होत होती. गेल्या वर्षी तिच्या प्रवर्गाची यादी सत्तावन्नला बंद झाली होती. हा प्रश्न सुटला तर एक मार्क मिळणार होता आणि चुकीसाठी कापलेला पाव परत येणार होता. म्हणजे साडेसत्तावन्न. झरी जामणी तालुक्यातल्या वाघपोड नावाच्या आदिवासी वस्तीतून नायब तहसीलदाराच्या खुर्चीपर्यंतचं अंतर मोजायचंच झालं तर सध्या ते पाऊण मार्क होतं. मध्ये एक बाभूळ आडवी पडली होती.

आणि ती बाभूळ तिथे कोणी आणून टाकली, हे अख्ख्या महाराष्ट्रात एकाच माणसाला माहीत होतं. तो माणूस आता चष्मा पुसत बसला होता.

*

नीळकंठचे आजोबा तहसिलीत कारकून होते, वडील कोषागारात. तिसऱ्या पिढीने एक पायरी चढावी आणि ज्या खुर्चीपुढे दोन पिढ्या फायली घेऊन उभ्या राहिल्या त्या खुर्चीत बसावं, एवढीच घराण्याची माफक इच्छा होती. त्यासाठी नीळकंठ पुण्याला गेला. सहा प्रयत्न केले. दोनदा मुलाखतीपर्यंत पोचला. वय संपलं तेव्हा एक गादी, एक बादली आणि अठ्ठावीस किलो नोट्स घेऊन परत आला. बादली पुढे बरीच वर्षं टिकली.

परत आला तेव्हा इकडे वेगळाच हंगाम होता. कापसाचं जे काही व्हायचं होतं ते होत होतं. मुंबई-दिल्लीहून पथकं येत, शेताच्या धुऱ्यावर उभं राहून फोटो काढत, पांढरकवड्याच्या हॉटेलात जेवून नागपूरचं विमान गाठत. पॅकेजवर पॅकेज येत होतं. कापसाने लोकांना बाकी काही दिलं नाही, पण स्पर्धा परीक्षेच्या वर्गांना पोरं मात्र भरपूर दिली. बंद पडलेल्या एका जिनिंग कारखान्याच्या आवारात 'उत्कर्ष वर्ग' उघडला, तो कापसाची प्रत ठरवायच्या खोलीत. एके काळी तिथे मूठभर कापूस उचलून धागा ओढायचे आणि माल चांगला की फरदड, ते शेतकऱ्याच्या तोंडावर सांगायचे. आता तिथे त्याच शेतकऱ्याच्या पोरांची प्रत ठरू लागली. सोय एवढीच, की यावेळी चार पर्याय होते.

शिकवणाऱ्यांत वर्गाचे विषय वाटले गेले त्या दिवशी नीळकंठ चहा सांगायला खाली गेला होता. वर आला तेव्हा पर्यावरण उरलं होतं.

त्याने ते मन लावून शिकवलं, हे मान्य करायला हवं. दोन हजार सहा साली त्याने हाताने एक पान लिहिलं : 'आक्रमक परकीय प्रजाती – वीस'. नाव, मूळ देश, दुष्परिणाम, तीन रकाने. गाजरगवत, घाणेरी, जलपर्णी, बेशरम, रानतुळस, वेडी बाभूळ... एकोणिसावर गाडी अडली. एकोणीस हा आकडा नोट्सला शोभत नाही. एकोणीस म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, याला एक सापडली नाही. तेव्हा तो सायबर कॅफेत गेला. अर्ध्या तासाचं भाडं होतं आणि सव्वीस मिनिटं पान उघडण्यात गेली. उरलेल्या चार मिनिटांत त्याला ऑस्ट्रेलियाच्या तणांची एक इंग्रजी यादी दिसली, तीत आपल्या साध्या बाभळीचं शास्त्रीय नाव दिसलं, आणि त्याने घाईघाईने उतरवून घेतलं : बाभूळ, मूळ – ऑस्ट्रेलिया.

खरं तर तिथे उलटं लिहिलं होतं. आपली बाभूळ इंग्रजांनी तिकडे नेली होती आणि ती तिकडच्या कुरणांत माजली होती. नीळकंठने गेलेलीला आलेली समजलं. चार मिनिटांत याहून जास्त चूक करता येणं कठीण होतं.

पान मात्र देखणं झालं. नीळकंठचं अक्षर म्हणजे कोषागाराचं वळण, तीन पिढ्यांचं. बाबुलालने ते पाहिलं आणि मास्टर कॉपी करून ठेवली. "सरजी, ये तो चलेगा," तो म्हणाला. ते चाललं. यवतमाळला गेलं, नांदेडला गेलं. हैदराबाद रोडवरच्या ट्रकच्या टपावर बसून गेलं असेल, पण गेलं. दोन वर्षांनी पुण्याहून आलेल्या एका पोराच्या फायलीत ते नीळकंठलाच दिसलं, आणि तो आठ दिवस खुशीत होता. लोक त्याला 'यादीवाले सर' म्हणू लागले. माणसाला कशावरून तरी ओळखावं लागतं.

*

दहा वर्षांनी, दोन हजार सोळाच्या पावसाळ्यात, तो हीच यादी फळ्यावर लिहीत असताना शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली होती.

"सर, बाभूळ ऑस्ट्रेलियाची काहून?"

"काहून म्हणजे? आहे."

"आमच्या आज्याचा नांगर बाभळीचा व्हता. त्याच्या आज्याचा बी. धुऱ्यावर पाच उभ्या हायेत. त्या बाहेरून आल्या त मंग आमी कुठून आलो?"

वर्ग हसला. नीळकंठही हसला, आणि म्हणाला, "परीक्षेत आज्याचा नांगर चालत नाही बाळा. तिथे संदर्भ लागतो."

मुलगी बसली. ही अर्पिता टेकाम, पोडातली बी.ए. झालेली पहिली. बसली, पण पटलेलं नाही हे तिच्या बसण्यावरून कळत होतं. संध्याकाळी नीळकंठने मोबाइलवर तेच ऑस्ट्रेलियाचं पान शोधलं. आता ते दोन सेकंदांत उघडलं. त्याने ते तीनदा वाचलं, मोबाइल पालथा ठेवला आणि जेवला नाही. बायकोला, शोभाला, पोट बिघडलंय असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याने वर्गाला सांगितलं, "विसावं नाव खोडा."

"काहून सर?"

"सुधारित अभ्यासक्रमात वगळलंय."

एवढंच. एक्केचाळीस पोरांनी खोडलं. अर्पिताने खोडताना वर बघितलं, तेव्हा नीळकंठ खडू शोधत होता.

बाबुलालला सांगायला हवं होतं, सांगू म्हणाला. पुण्यात अवधूतला फोन करायला हवा होता, करू म्हणाला. अवधूत म्हणजे त्याचा पुण्यातला खोलीतला सोबती, मूळचा महागावचा. तिसऱ्याच प्रयत्नात परीक्षा सोडून त्याने परीक्षेची पुस्तकं छापायला घेतली होती आणि त्यामुळे तो एकटाच पास झाला होता. त्याच्या 'यशोमंत्र पर्यावरण'च्या सातव्या आवृत्तीत एकशे बाराव्या पानावर वीस नावं होती, त्याच क्रमाने. फोन करावा असं नीळकंठला पुष्कळदा वाटलं. वाटणं हे त्याचं आयुष्यभराचं काम होतं.

आणि आता, वर्षभराने, सत्तेचाळिसावा प्रश्न आला होता. सगळ्या राज्यातल्या पोरांनी यादी पाठ केली होती, त्यांना मार्क मिळणार होता. फक्त यादी करणाऱ्याच्या स्वतःच्या वर्गातल्या पोरांना तो मिळणार नव्हता.

*

आक्षेप घ्यायला सात दिवस होते. 'प्रमाणित संदर्भाची सत्यप्रत जोडावी', अशी अट होती.

पहिल्या दिवशी त्याने अवधूतला फोन केला.

"अबे नीळ्या! जिवंत हायेस काय तू?"

"अवधूत, तुझ्या पुस्तकात एकशेबारा पानावर चूक आहे. बाभूळ."

"माझ्या पुस्तकात?" अवधूत हसला. "लेका, तुझीच यादी हाय ते. मी त नुसती छापली."

"म्हणूनच म्हणतो. चूक माझी आहे. तू फक्त एक पत्र दे, की पुस्तकात चूक झाली, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो."



"हे पाय नीळ्या, मंडळाचं उत्तर आन् माझ्या पुस्तकाचं उत्तर एक आलं. आजच जाहिरात दिली म्या, 'सत्तेचाळिसावा प्रश्न जसाच्या तसा'. आन् तू मले म्हणून राह्यला, चूक हाय म्हणून लिहून दे? तुले आठवते, आपल्या खोलीत कोणतं वाक्य लावलं व्हतं भिंतीवर?"

नीळकंठला आठवत होतं. 'आयुष्यात नव्हे, तालिकेत बरोबर असा.' ते त्यानेच लिहून लावलं होतं. त्या सुंदर अक्षरात.

दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी तो यवतमाळला गेला. कॉलेजच्या ग्रंथालयात इंग्रजांच्या काळातला एक जाडजूड वनस्पतिग्रंथ निघाला. त्यात बाभूळ होती, इथलीच म्हणून होती. त्याने पानाची प्रत काढली. ऑस्ट्रेलियाचं पान छापून घेतलं. आणि तरी त्याला ठाऊक होतं, की एका बाजूला बाजारातली अकरा पुस्तकं असताना दुसऱ्या बाजूला दोन कागद पुरत नाहीत. ती अकराही पुस्तकं एकाच पानावरून उतरवलेली आहेत, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. ते कोण सांगणार, याला एकच पर्याय होता.

चौथ्या दिवशी बाजार होता. अर्पिताची आई, मानीबाई, बाजाराला आली तशी जिनिंगच्या जिन्यापाशी उभी राहिली. वर यायला संकोचत होती. नीळकंठच खाली गेला. तिने पळसाच्या पानात बांधलेला डिंक त्याच्या हातात दिला.

"गुरजी, बाभळीचा हाय. पोरीनं सांगतलं, तुमी तिच्यासाठी यवतमाळ करून राह्यले."

"घरी कसे आहेत?" त्याने विचारलं. पोळ्यानंतर फवारणीच्या दिवसांत अर्पिताचा बाप डोळे धरून यवतमाळच्या दवाखान्यात पडला होता, आणि पोरीने अर्धा अभ्यास तिथल्या व्हरांड्यात केला होता.

"दिसते आता. उजेड सहन होत नाही, बाकी दिसते." मग तिने जरा पुढे होऊन आवाज उतरवला. "गुरजी, एक विचारू? ते सरकार बाभूळ बाहेरची हाय म्हणते म्हणे. मंग ते तोडून नेतील का? आमच्या पाच हायेत धुऱ्यावर. बकऱ्या शेंगांवरच जगतात उन्हाळाभर."

"नाही, नाही. परीक्षेतलं आहे ते फक्त."

"परीक्षेतलंच त पुढं सायेब होऊन येते ना, गुरजी."

नीळकंठने डिंकाची पुडी खिशात घातली आणि जिन्याच्या पायऱ्या चढताना ती तीनदा चाचपली.

त्या संध्याकाळी त्याने निवेदन लिहायला घेतलं. शोभा तहसील कार्यालयात वरिष्ठ लिपिक होती; पहिल्याच प्रयत्नात लागलेली, ज्याचा उल्लेख ती कधी करत नसे आणि म्हणूनच तो घरात सतत असे. तिने मसुदा वाचला.

"'सदर चूक मूळतः माझी असून'... अहो, हे असंच पाठवणार?"

"हो."

"कायले पण? तुमचं दुसरं आहे काय? आमदार हरला तरी माजी आमदार असतो. तुम्ही यादीवाले सर. ही यादीच चुकीची म्हणून तुम्हीच लिहून दिलं, तर उद्या त्या वर्गात बसणार कोण?"

"ती पोरगी बरोबर आहे, शोभा."

"मी कुठं नाही म्हणते." तिने कागद परत दिला. "बरोबर असणारे रोज पाहते मी खिडकीतून. रांग असते त्यांची."

पण रात्रीच्या स्वयंपाकाला उठण्याआधी तिने पेन घेतलं आणि 'मूळतः'च्या जागी 'सर्वप्रथम' केलं. म्हणाली, "साहेब लोकांना समजेल असं लिहा."

सहाव्या दिवशी निवेदन, दोन सत्यप्रती आणि शंभरच्या मुद्रांकावरचं प्रतिज्ञापत्र रजिस्टर्ड डाकेने गेलं. येताना त्याने बाबुलालला मास्टर कॉपी फाडून टाकायला सांगितलं. मग नीळकंठ वर्गात आला आणि फळ्यापुढे उभं राहून म्हणाला, "अभ्यासक्रमात काही वगळलेलं नव्हतं. ते नाव मी चुकीचं लिहिलं होतं. दहा वर्षं चुकीचं शिकवलं."

कुणी हसलं नाही. पुढच्या बाकावरच्या एका पोराने हात वर केला. "सर, बाकीचे एकोणीस त बरोबर हायेत ना?"

अर्पिताने डोकं वहीत घातलं होतं. खांदे हलत होते. नीळकंठला वाटलं ती रडतेय. ती हसत होती.

पंधरवड्यात एक्केचाळिसातली सतरा पोरं समोरच्या वर्गात गेली.

*

अंतिम तालिका फेब्रुवारीत आली. सत्तेचाळीस : अ, ब, क. बदल नाही. अर्पिताच्या प्रवर्गाची यादी सत्तावन्नलाच बंद झाली. मंडळाने सातत्य राखलं होतं.

नीळकंठने माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उत्तर आलं तेव्हा उन्हाळा संपत आला होता. बोंडअळीची मदत कुणाला मिळाली, कुणाला नाही, यावर बसस्टँडवर अजून भांडणं चालली होती. पाकीट जाड होतं. तो ते पाकीट घेऊन वर्गात एकटाच बसला आणि वाचू लागला.

तज्ज्ञ समितीने आक्षेप सविस्तर तपासला होता. सोबत जोडलेलं ऑस्ट्रेलियाचं पान 'इंटरनेटवरील मजकूर' असल्याने ग्राह्य नव्हतं. वनस्पतिग्रंथाची 'आवृत्ती जुनी' होती. झाड त्या आवृत्तीहून जुनं होतं, पण झाडाला आवृत्ती नसते. त्याखाली समितीने विचारात घेतलेले प्रमाणित संदर्भ दिले होते. पहिला, 'यशोमंत्र पर्यावरण', सातवी आवृत्ती, पृष्ठ एकशे बारा. दुसरा, तसंच एक पुस्तक. तिसरा असा :

'पांढरीपांडे, नी. – आक्रमक परकीय प्रजाती : वीस. पांढरकवडा, २००६. (छायाप्रत.)'

आणि शेवटी निर्णय : 'आक्षेपकर्ते श्री. नीळकंठ पांढरीपांडे यांनी संदर्भ क्रमांक तीनचे खंडन करणारा कोणताही प्रमाणित पुरावा सादर केलेला नाही. आक्षेपकर्त्याचे स्वतःचे निवेदन हा पुरावा होऊ शकत नाही. सबब आक्षेप फेटाळण्यात येत आहे.'

तीन पिढ्यांत पहिल्यांदा पांढरीपांड्यांचं नाव सरकारी कागदावर वरच्या बाजूला आलं होतं. नीळकंठने कागद नीट घडी करून पाकिटात ठेवला. आजोबा असते तर त्यांनी फाइलला लावला असता.

पाकीट दाखवायला तो अर्पिताला शोधत बसस्टँडवर गेला. एप्रिलपासून ती बाबुलालच्या दुकानात कामाला होती. मंडळाच्या पुढच्या जाहिरातीचा पत्ता नव्हता, आणि पोडातून रोज येऊन वर्गात बसायचं तर काही कारण लागतं. दुकानावर पोरांची गर्दी होती. नवीन बॅच होती.

"यादी द्या एक."

"कोणती?"

"पांढरीपांडे यादी. वीसवाली. मंडळाच्या उत्तराशी जुळलेली."

बाबुलालने नीळकंठला पाहिलं आणि मान खाली घातली. "सरजी, मैं क्या करू," तो पुटपुटला. "तुमी म्हन्लं व्हतं, मास्टर फाडून टाक. मी फाडली असती. पण पोट्टे म्हणतात, मंडळाचं उत्तर हेच हाय तर हेच पायजे. नाही दिली त समोरचा देते."

"फाडू नको," नीळकंठ म्हणाला. आता फाडून उपयोग नव्हता. त्याने लिहिलेलं खोटं त्याच्याहून जास्त प्रमाणित झालं होतं.

अर्पिता मशीनमागे स्टुलावर बसली होती. मशीन एकेक पान बाहेर टाकत होतं. ती प्रत्येक पान उचलायची, मांडीवरच्या पाटीवर ठेवायची, पट्टी लावून विसाव्या ओळीवर निळ्या पेनाने एक रेघ ओढायची आणि मग गिऱ्हाइकाला द्यायची.

"ओ ताई, खराब कायले करता?" एक पोरगा म्हणाला. "खोडलेलं नको, साफ द्या."

"वाचता येते ना खालचं?"

"येते."

"मंग पाठ करायचं त कर. मार्क भेटन तुले." तिने पान त्याच्या हातात ठेवलं. "पण रेघ राह्यनच."

पोरगा बाबुलालकडे तक्रारीने बघू लागला. बाबुलाल पंख्याकडे बघत होता.

नीळकंठने पाकीट तिच्यापुढे धरलं. तिने हात पुसून कागद काढला, वाचला, तिसऱ्या क्रमांकावर थांबली. परत घडी करून त्याला दिला.

"म्हणजे सर," ती म्हणाली, "तुमी तुमच्याच विरोधात जितले."

"हं."

"माय विचारत व्हती, डिंक खाल्ला का म्हणून."

"शोभाने लाडू केले होते."

मशीनने आणखी पाच-सहा पानं टाकली. गर्दी वाढत होती. अर्पिताने पायाने दुसरं स्टूल ओढलं, गठ्ठा उचलला, मधोमध दोन भाग केले आणि एक त्याच्यापुढे सरकवला. नीळकंठने खिशातून पेन काढलं. पहिल्या पानावर त्याचंच अक्षर होतं, कोषागाराच्या वळणाचं, दहा-बारा हजार वेळा छापून थोडं जाड झालेलं. त्याने रेघ ओढली. ती डावीकडून नीट निघाली आणि 'ऑस्ट्रेलिया'पाशी येईतो खाली घसरली.

"पट्टी घ्या, सर," अर्पिता म्हणाली.

त्याने पट्टी घेतली.